स्पर्धा कायद्याचे न्यायाधीश निवृत्तीनंतरच का घडावेत?

प्रति,
मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
मा. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

विषय : वाणिज्यिक आणि स्पर्धा कायद्याच्या न्यायाधीशांची जडणघडण

महोदय/महोदया,

मी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करतो. माझ्याकडची बहुतेक कामे व्यापारी वादांची आहेत : पुरवठ्याचे करार, वितरकांचे तंटे, लवाद आणि अधूनमधून स्पर्धा आयोगासमोरची, म्हणजे कंपन्यांचे संगनमत आणि बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर रोखणाऱ्या स्पर्धा कायद्याखालची, एखादी तक्रार. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरण सुधारणा कायदा, २०२१ मधल्या, न्यायाधिकरणांच्या (ठरावीक विषयांसाठीच्या खास न्यायपीठांच्या) सदस्यांच्या नेमणुकीच्या आणि मुदतीच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग नेमायला सांगितले. त्यामुळे हा विषय आपल्याला नव्याने हाती घ्यावाच लागणार आहे. तो घेताना चर्चा मुदत चार वर्षांची की पाच वर्षांची, किमान वयाची अट असावी की नसावी, यातच अडकेल अशी मला भीती वाटते. माझे म्हणणे त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. अपिलाच्या खुर्चीवर जो बसतो, तो तिथे पोचेपर्यंत या विषयात मुरलेला असतो का? आपल्याकडे तो मुरत नाही. दोष माणसांचा नाही. त्यांना मुरवणारी वाटच आपण आखलेली नाही.

एका न्यायाधीशाची कारकीर्द पाहा. न्या. विकास सिरपूरकर नागपूरच्या बारमधले वकील. १९९२ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, १९९७ मध्ये त्यांची मद्रासला बदली झाली. २००४ मध्ये उत्तरांचलचे आणि २००५ मध्ये कलकत्त्याचे मुख्य न्यायमूर्ती, २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालय, २०११ मध्ये निवृत्ती. चार उच्च न्यायालये, चार प्रांतांचे कायदे, फौजदारी अपिलांपासून जमिनीच्या वादांपर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेले असणार. स्पर्धा कायदा मात्र त्यांच्यापुढे आला तो या सगळ्यानंतर, आयोगाच्या आदेशांवरची अपिले ऐकणाऱ्या स्पर्धा अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्ष म्हणून. त्यात नवल नाही. स्पर्धा कायदा मंजूर झाला २००२ मध्ये, पण संगनमत आणि वर्चस्वाचा गैरवापर यांविरुद्धची कलमे लागू झाली २० मे २००९ रोजी. तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात होते.

त्यांच्या पीठापुढे आलेले एक प्रकरण नीट सांगतो, कारण माझा मुद्दा त्यातूनच उभा राहतो. अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. २००९ च्या निविदेत तीन कंपन्यांनी बोली लावली आणि तिघींचा दर एकच निघाला : किलोला ३८८ रुपये. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये संगनमत सिद्ध झाल्याचे सांगून प्रत्येकीला तिच्या सरासरी उलाढालीच्या ९ टक्के दंड लावला. सर्वांत मोठ्या कंपनीच्या वाट्याला सुमारे २५२ कोटी रुपये आले. ही कंपनी इतर पुष्कळ माल बनवत होती, गोळ्या हा तिच्या धंद्याचा लहानसा भाग होता, आणि तरी दंड मोजला गेला सगळ्या धंद्यावर. फक्त गोळ्याच बनवणाऱ्या छोट्या कंपनीला आणि शंभर वस्तू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला एकाच गुन्ह्याची अगदी वेगळी शिक्षा. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्या. सिरपूरकरांच्या पीठाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड ज्या मालात गैरप्रकार झाला त्या मालाच्या उलाढालीवरच मोजला पाहिजे असे ठरवले. २५२ कोटींचे ७ कोटींच्या आत आले. कायद्यात नुसता 'उलाढाल' एवढाच शब्द होता, त्याला प्रमाणबद्धतेची चौकट या निकालाने दिली. ८ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली.

संसदेने २०२३ च्या दुरुस्तीत कंपनीची जगभरातली उलाढाल धरण्याची मुभा दिली. हा संसदेचा अधिकार आहे आणि मोठ्या डिजिटल कंपन्यांच्या बाबतीत मला त्याचे कारणही पटते. पण २०२४ ची दंडाची मार्गदर्शक तत्त्वे पाहा. मोजणी सुरू होते ती संबंधित मालाच्या उलाढालीच्या ३० टक्क्यांपर्यंतच्या रकमेपासून. जगभरातली उलाढाल येते ती कमाल मर्यादा म्हणून. एका पीठाने २०१३ मध्ये केलेला विचार आज नियमांच्या पायात आहे. चांगल्या न्यायाधीशाला पुरेसा वेळ आणि वेगळे पीठ मिळाले की काय होते ते इथे दिसते.

आणि मग काय झाले? सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरल्यावर अठरा दिवसांनी, २६ मे २०१७ रोजी, ते न्यायाधिकरणच बंद झाले. वित्त कायद्याने त्याचे काम राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलएटीकडे, सोपवले. आठ वर्षांत तीन अध्यक्ष झाले : न्या. अरिजित पसायत, न्या. सिरपूरकर, न्या. जी. एस. सिंघवी. तिघेही सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले. त्यांनी कमावलेली जाण पुढच्या पिढीतल्या कुणा न्यायाधीशाकडे गेली नाही, कारण त्यांच्या हाताखाली त्या विषयात तयार होणारा न्यायाधीशच नव्हता.

'निवृत्त न्यायमूर्तींनी एवढे चांगले काम केले, मग तक्रार कशाची?' असे आपल्याकडून विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. मी निवृत्त न्यायमूर्तींच्या विरोधात नाही. उलट, त्यांनी अखेरच्या टप्प्यात नवा विषय एवढ्या ताकदीने हाताळला, तर तोच विषय त्यांच्या हाती पंचेचाळिशीत आला असता तर काय झाले असते, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

हा विषय सवड मागणारा का आहे, तेही सांगतो. गोळ्यांच्या प्रकरणाशेजारी गॅस सिलिंडरचे प्रकरण ठेवून पाहा. सरकारी तेल कंपनीने २०१० मध्ये घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरांसाठी निविदा काढली. पुष्कळ कंपन्यांच्या बोली एकसारख्या निघाल्या. बोली उघडण्याच्या आदल्या दोन दिवसांत मुंबईतल्या एका हॉटेलात त्यांच्या बैठकाही झाल्या होत्या. आयोगाने संगनमत ठरवले, अपिलातही ते टिकले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. संशयाला जागा होती हे न्यायालयाने मान्य केले. पण सिलिंडर विकत घेणाऱ्या कंपन्या देशात मोजून तीन, माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, सर्वांत कमी बोलीवर वाटाघाट करून अखेरचा दर खरेदीदारच ठरवतो, आधीच्या वर्षाचे दर सगळ्यांना ठाऊक, आणि नवे पुरवठादारही बाजारात उतरलेले. अशा बाजारात बोली सारख्या येण्याला संगनमताशिवायही कारण असू शकते, हे कंपन्यांनी दाखवून दिल्याचे न्यायालयाने मानले.

३८८ रुपयांचे सारखे दर : संगनमत. सिलिंडरचे सारखे दर : संगनमत नाही. विशेष म्हणजे सर्वोच्च न्यायालयातले हे दोन्ही निकाल न्या. ए. के. सिक्री यांनी लिहिले, मध्ये अंतर जेमतेम सतरा महिन्यांचे. वरवर पाहणाऱ्याला ही विसंगती वाटेल. बाजाराची रचना वाचता येणाऱ्याला कळते की दोन्ही बरोबर असू शकतात. खरेदीदार किती, माल साठवता येतो का, खर्च किती सारखा आहे, दर कुणाच्या हातात आहे, याचा हिशेब न्यायाधीशाला स्वतः मांडता यावा लागतो. दोन्ही बाजूंचे अर्थतज्ज्ञ जाडजूड अहवाल देतात, त्यातले आलेख एकमेकांशी भांडत असतात, आणि त्यांतल्या कुठल्या गृहीतकावर सगळी इमारत उभी आहे ते ओळखून नेमका प्रश्न विचारावा लागतो. हे पुस्तक वाचून येत नाही. वर्षानुवर्षे तशी प्रकरणे ऐकून येते. सिलिंडरचा निकाल लागायला निविदेपासून आठ वर्षे गेली. पहिल्याच अपिलात ही नजर असती तर त्यातली किती वाचली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ज्या टाळायला बाजाराची नाही, तर निव्वळ न्यायप्रक्रियेची जाण लागते अशा चुकाही महागात पडल्या आहेत. सिमेंटचे प्रकरण आपणास माहीत असेल. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने २०१० मध्ये तक्रार केली. जून २०१२ मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना एकूण सहा हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. देशभर गाजलेला निर्णय. डिसेंबर २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला. कारण? आयोगाच्या ज्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली होती ते तोंडी सुनावणीला हजरच नव्हते. ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यायचा, हे तत्त्व तालुक्याच्या कोर्टातल्या दिवाणी न्यायाधीशालाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. आयोगाने पुन्हा सुनावणी घेतली, ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा तेवढ्याच घरातला दंड लावला, जुलै २०१८ मध्ये एनसीएलएटीने तो कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्यांनी त्या काळात घर बांधले त्यांनी गोणीमागे जास्त पैसे मोजले की नाही, हा मूळ प्रश्न एका सहीपायी कित्येक वर्षे मागे पडला.

दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, मोटार कंपन्यांनी दाखल केलेल्या याचिकांवर निकाल देताना, आयोगात अंतिम सुनावणीच्या वेळी न्यायिक सदस्य हजर असलाच पाहिजे असे बजावले. अध्यक्षांच्या निर्णायक मताची तरतूदही रद्द केली. तरीही स्पर्धा कायद्याच्या कलम ८ मध्ये आयोगावर न्यायिक सदस्य असण्याची सक्ती आजवर आलेली नाही. पंधरा वर्षांचा अनुभव अर्थशास्त्र, व्यापार, कायदा, वित्त, लेखाकर्म यांपैकी कशातलाही चालतो. या सगळ्या शाखांची माणसे हवीतच. पण एक तरी असा हवा, ज्याने आयुष्यात निकालपत्रे लिहिली आहेत.

आता एनसीएलएटीकडे येतो. त्यांच्या रोजच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, नजर टाका. 'कंपनी अपील (एटी) (इन्सॉल्व्हन्सी)' या शीर्षकाखालची प्रकरणे एकामागून एक लागलेली असतात. त्यांत कुठेतरी 'काँपिटिशन अपील (एटी)' दिसते. दिवाळखोरीच्या प्रक्रियेला कायद्याने ३३० दिवसांची कालमर्यादा आहे. कर्जदार कंपनी बुडत असते, बँकांचे हजारो कोटी अडकलेले असतात, कामगारांचे पगार थकलेले असतात. पीठ त्यांना आधी घेणार हे स्वाभाविक आहे, मी त्या खुर्चीवर असतो तर मीही तेच केले असते. स्पर्धा अपील सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कलम ५३-ब म्हणते, पण त्यामागे तशी निकड उभी नसते. २०२३ पासून अपील करणाऱ्या कंपनीला दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे निर्दोष असेल तर तिचे पैसे अडकतात, दोषी असेल तर ग्राहकाला न्याय अडकतो.

आणि याच पीठाकडे देशातली सर्वांत अवघड प्रकरणे जातात. अँड्रॉइडच्या प्रकरणात आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला. मार्च २०२३ मध्ये एनसीएलएटीने दंड कायम ठेवला, आयोगाचे चार निर्देश मात्र रद्द केले. एक मोबाइल कार्यप्रणाली, तिच्यावरचे ॲपचे दुकान, फोन बनवणाऱ्या कंपन्यांशी केलेले करार, यांचा परस्परांवर होणारा परिणाम तोलायचा म्हणजे काय, याची कल्पना त्या निकालाची पाने उलटली तरी येते. डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये समितीच्या अहवालासोबत आला आहे. तो मंजूर झाला तर बोर्डावरची अशी प्रकरणे वाढतील. त्यांच्यासाठी न्यायाधीश कोण तयार करते आहे?

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक वितरक आले होते. कंपनीने ठरवून दिलेल्या दराच्या खाली त्यांनी माल विकला, म्हणून कंपनीने त्यांचा पुरवठा थांबवला. पुनर्विक्रीचा दर लादणे हा स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) खालचा प्रश्न. कंपनीचे पत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जपून आणले होते, त्यात सवलत देऊ नये असे स्पष्ट लिहिलेले. पुरावा याहून चांगला मिळत नाही. मी त्यांना मार्ग सांगितला : आयोगाकडे माहिती (म्हणजे तक्रार), प्रथमदर्शनी आदेश, आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांची चौकशी, सुनावणी, आदेश, मग एनसीएलएटी, मग सर्वोच्च न्यायालय, आणि भरपाई हवी तर तिच्यासाठी पुन्हा कलम ५३-न खाली वेगळा अर्ज. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि पुढच्या आठवड्यात कंपनीशी तडजोड करून जुन्याच अटींवर माल घ्यायला सुरुवात केली. त्यांचे गणित बरोबर होते. त्यांच्या गावातले गिऱ्हाईक मात्र आजही त्या मालाला जास्त पैसे देत असणार.

दुसरीकडे काय करतात ते पाहणे उपयोगी आहे, अनुकरणासाठी नव्हे तर शक्यता दिसावी म्हणून. ब्रिटनचे स्पर्धा अपील न्यायाधिकरण २००३ मध्ये सुरू झाले. पहिले अध्यक्ष सर ख्रिस्तोफर बेलॅमी. ते त्याआधी १९९२ ते १९९९ अशी सात वर्षे युरोपीय समुदायाच्या प्रथम स्तर न्यायालयात न्यायाधीश होते, आणि या विषयावरचा प्रमाण ग्रंथ त्यांनी वकील असतानाच लिहिला होता. २०१३ ते २०२१ या काळात अध्यक्ष असलेले सर पीटर रॉथ हे स्पर्धा कायद्याचे वकील, १९९७ पासून ज्येष्ठ वकील, २००९ पासून उच्च न्यायालयात न्यायाधीश. म्हणजे न्यायाधिकरणाची सूत्रे हाती आली तेव्हा विषय त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. पीठ तिघांचे. अध्यक्ष कायद्याचे, सोबतच्या दोघांत अर्थतज्ज्ञ, लेखापाल किंवा उद्योग जाणणारी व्यक्ती.

रॉथ यांच्या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मास्टरकार्डविरुद्ध सुमारे ४ कोटी ६० लाख ग्राहकांच्या वतीने १४ अब्ज पौंडांचा सामूहिक दावा दाखल झाला. जुलै २०१७ मध्ये रॉथ यांच्या पीठाने तो सामूहिक दावा म्हणून चालवायला नकार दिला. भरपाईची मोजणी आणि वाटप नीट होऊ शकणार नाही, असे त्यांचे मत होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कसोटी फार कडक लावली गेली. प्रकरण परत आले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रॉथ यांच्याच अध्यक्षतेखालच्या पीठाने दाव्याला परवानगी दिली. तज्ज्ञ न्यायाधीशाचेही चुकते, हे यातून दिसते. पण तो त्याच विषयात टिकून असल्यामुळे वरच्या न्यायालयाची दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचते आणि पुढच्या प्रकरणात उतरते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय निकाल फिरवते तेव्हा तो देणारा न्यायाधीश बहुधा निवृत्त झालेला असतो किंवा दुसऱ्या असाइनमेंटवर, म्हणजे दुसऱ्याच विषयाच्या कामावर, असतो, किंवा ते न्यायाधिकरणच उरलेले नसते. शिकवण कागदावर राहते.

अमेरिकेत डायेन वुड १९९३ ते १९९५ न्याय खात्याच्या स्पर्धा विभागात होत्या, त्याआधी शिकागोत हा विषय शिकवत होत्या, आणि १९९५ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयात न्यायाधीश झाल्या. तिथे त्या सर्व तऱ्हेची प्रकरणे ऐकत होत्या, फक्त स्पर्धेची नव्हे. मला ही पद्धत अधिक भावते. न्यायाधीशाला विषयाची खोली असावी, पण त्याने एकाच खिडकीतून जग पाहू नये.

कारण खास न्यायाधीश तयार करण्यात धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. स्पर्धा कायद्याचा आपला बार, म्हणजे वकीलवर्ग, लहान आहे. मोजक्या मोठ्या फर्म, मोजकेच ज्येष्ठ वकील, आणि त्यांचे अशील बहुतांशी मोठ्या कंपन्या. न्यायाधीश त्याच वर्तुळातून आला, त्याच वर्तुळात वीस वर्षे राहिला, तर त्याला कंपनीची अडचण चटकन दिसेल आणि वितरकाची उशिरा. पूर्वी जे वकील कंपन्यांच्या बाजूने उभे राहिले त्यांना न्यायाधीश करू नका असे मी म्हणत नाही. पण त्यांच्यासोबत आयोगाच्या महासंचालकांच्या कार्यालयात काम केलेले, ग्राहक आणि छोट्या व्यापाऱ्यांची बाजू मांडणारे, जिल्हा न्यायालयातून वर आलेले असेही लोक त्या वाटेवर हवेत.

ती वाट सुरू कुठून करायची? माझ्या मते वाणिज्यिक न्यायालयांपासून. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने हे बीज आधीच पेरले आहे. उच्च न्यायालयाच्या वाणिज्यिक विभागात, व्यापारी वादांचा अनुभव असलेल्या न्यायाधीशांनाच मुख्य न्यायमूर्तींनी नेमावे असे कलम ४ म्हणते. २०१८ मध्ये दाव्याची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आणली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतले न्यायाधीश या कामात आले. छोट्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. पण या न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची तरतूद, कलम २०, ऐच्छिक ठेवली गेली. राज्य सरकारने उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून सोय करावी, केली नाही तरी कायदा मोडत नाही. आणि उच्च न्यायालयात काय होते, ते आम्ही वकील रोज पाहतो. एखादा न्यायाधीश वाणिज्यिक दाव्यांत रुळतो, गुंतागुंतीचे करार दोन सुनावण्यांत उलगडायला लागतो, आणि असाइनमेंट बदलते. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यापुढे जामिनाचे अर्ज किंवा सेवाविषयक याचिका. पार्ट हर्ड, म्हणजे अर्धवट ऐकलेल्या, प्रकरणांचे काय होईल याची कुजबूज कॉरिडॉरमध्ये सुरू होते. मग कधी तो दुसऱ्या राज्यात बदलून जातो. रोस्टर, म्हणजे कोणत्या न्यायाधीशाकडे कोणते काम द्यायचे ते ठरवणे, हा मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. सरकारने त्यात हात घालावा असे मी कदापि म्हणणार नाही. पण धोरण म्हणून, वाणिज्यिक विभागातल्या न्यायाधीशाला सलग पाच वर्षे तिथे ठेवावे, अशी विनंती आपण उच्च न्यायालयांना करू शकता, आणि ती मान्य होण्यासारखी आहे. जिल्हा स्तरावर तर प्रशिक्षणाचा खर्च उचलणे एवढेच काम आहे.

अशा न्यायाधीशांपैकी ज्यांना रस आहे त्यांना पुढे काही काळ स्पर्धा आयोगात न्यायिक सदस्य म्हणून पाठवता येईल, निवृत्तीनंतर नव्हे, पन्नाशीच्या आत, आणि नंतर परत आपल्या न्यायालयात येण्याच्या हमीसह. ही हमी मला कळीची वाटते. परत यायचे ठिकाण असलेला न्यायाधीश पुढच्या नेमणुकीसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहत नाही. आज न्यायाधिकरणाचा सदस्य चार-पाच वर्षांच्या मुदतीवर येतो आणि फेरनेमणूक सरकारच्या हाती असते. ते सरकार, किंवा त्याची एखादी कंपनी, कित्येकदा समोरची पक्षकारही असते. सर्वोच्च न्यायालयाने मुदतीवरून पुन्हापुन्हा नाराजी दाखवली ती याच कारणाने.

नुकसानभरपाईचे अर्जही मी एनसीएलएटीकडून काढून उच्च न्यायालयांच्या वाणिज्यिक विभागांकडे द्यावेत असे सुचवीन. भरपाई मोजणे हे दिवाणी न्यायाधीशाचे रोजचे काम आहे. त्यातून मुंबई, चेन्नई, कोलकाता इथल्या न्यायाधीशांच्या हाताखालून स्पर्धेची प्रकरणे जायला लागतील. माझ्याकडे आलेल्या त्या वितरकासारख्या माणसाला दिल्लीला न जाता आपल्या राज्यात दाद मागता येईल. याला कायदा बदलावा लागेल, वेळ लागेल, हे मी जाणतो.

एक गोष्ट मात्र लगेच होण्यासारखी आहे. कंपनी कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने कलम ४१८-अ आले. त्यानुसार स्पर्धा कायद्याखालची आणि दिवाळखोरी संहितेखालची अपिले ऐकण्यासाठी, एनसीएलएटीच्या अध्यक्षांशी सल्लामसलत करून, केंद्र सरकारला आवश्यक तेवढी पीठे स्थापन करता येतात. संसदेत जायची गरज नाही. फक्त स्पर्धा अपिलांसाठी एक पीठ, त्यावर निदान एक न्यायिक सदस्य वाणिज्यिक विभागात काम केलेला, तांत्रिक सदस्य अर्थशास्त्राचा, आणि त्या सदस्यांना पूर्ण मुदतभर त्याच पीठावर ठेवण्याची हमी. ही अधिसूचना कधी निघेल, किंवा ती काढायची नसेल तर कोणत्या कारणाने, हे आपण लेखी कळवावे अशी माझी विनंती आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
मुंबई उच्च न्यायालयातील एक वकील